प्रस्थानातली तिकिटं

त्या दिवशी माझं कोणीच खरं मानलं नाही. मुंबई अन् समुद्र पाहायला निघायचं होतं. निघायचा वार वाईट, म्हणून आदल्या चांगल्या दिवशीच प्रस्थान ठेवलं, म्हणजे प्रवासाची एक पिशवी घराबाहेर काढून शेजारणीकडे ठेवली. निघताना तिकिटं सापडेनात.

“तुम्हीच त्या पिशवीत ठेवले, मी पाहलं,” मी नवऱ्याले म्हटलं.

“मी काहून ठेवीन वं? तूच हरवले.”

“पिशवी आणून पाहतो,” मी म्हटलं.

सासू म्हणाली, “प्रस्थान घरात परत आणते का कोणी? त्यापेक्षा जाऊच नका.”

माझी अकरा वर्षांची पोरगी मंदी गुपचूप गेली, शेजारणीच्या ओट्यावरच पिशवी उघडली आणि तिकिटं घेऊन आली. त्या पोरीच्या उपकारानं मी समुद्र पाहिला.

गाडीत मी हे सांगितलं, तर बायांनी विचारलं, “चूक कोणाची?” नवऱ्याचं नाव मी कधी घेत नाही. तेव्हा मोठ्यानं घेतलं: शामराव.