पॅनेलवरच्या कुरडया

मी मधुसूदन विनायक टाकळकर, वय ६८ वर्षे, धंदा काही नाही, पाटबंधारे कार्यालयातून लिपिक म्हणून निवृत्त, राहणार सोनचाफा अपार्टमेंट, तिसरा मजला, बीड बायपास, छत्रपती संभाजीनगर, आज दि. १५ मे २०२४ रोजी ठाण्यात स्वतः येऊन समक्ष सांगतो की,

वरील पत्त्यावर मी, पत्नी कालिंदी व मुलगा चिन्मय असे राहतो. कालिंदीस फुप्फुसांचा जुना आजार असून तिला ऑक्सिजनच्या मशीनवर ठेवावे लागते. आमच्या भागात इमारतींवर इमारती उठल्या, वीज मात्र उन्हाळ्यात केव्हाही जाते. म्हणून मी मागील वर्षी गच्चीवर सोलर पॅनेल व घरात बॅटऱ्या बसविल्या. वीजबिल नावापुरते राहिले. जिन्यातला दिवा मी फुकट चालवून देतो. वीज गेली तरी मशीन चालू राहते. हे सर्व फायदे मी सोसायटीच्या बैठकीत घसा कोरडा होईपर्यंत समजावून सांगितले. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या आणि नंतर टाकळकरांनी गच्चीचे ऊन खाल्ले म्हणून कुजबुज सुरू केली. यंदा दुष्काळामुळे इमारतीला टँकर आहे. मी पॅनेलवरची धूळ पुसायला बादली घेतली की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. ते पाणी मी माझ्या आंघोळीतून वाचवतो, हे कोणी विचारीत नाही.

काल सायंकाळी वीज गेली. थोड्याच वेळात मशीन शिट्टी देऊन बंद पडले. बॅटरी भरलेलीच नव्हती. कालिंदीचे ओठ निळे पडले. चिन्मयने घरातला लहान सिलिंडर लावून तिला गाडीत घातले व आम्ही दवाखान्यात दाखल केले.

आज सकाळी गच्चीवर जाऊन पाहिले, तर पॅनेलवर जुन्या साड्या अंथरलेल्या व त्यांवर कुरडया. एक पॅनेल झाकले तरी सबंध रांगेची वीज घटते. शेजारच्या गोजरबाई तिथे उभ्या राहून कुरडया उलटत होत्या. त्या मूळच्या गंगापूरकडच्या, त्यांचा मुलगा बिडकीनला कंपनीत आहे. मी म्हणालो, "माझी बायको मारायला निघालात काय? गच्ची तुमच्या बापाची आहे?" त्या म्हणाल्या, "भाऊ, ऐका तरी. दुसरीकडं उनाला जागा कुठं ऱ्हायली? अन् या माझ्या नाय..." मी पुढचे ऐकून घेतले नाही. साड्यांसकट कुरडया गोळा केल्या व गच्चीवरून खाली टाकल्या. त्या टँकर उभा राहतो तिथल्या चिखलात पडल्या. गोजरबाई रडू लागल्या. मला त्याचे काही वाटले नाही. सदर बाईविरुद्ध कडक कारवाई व्हावी.

जबाब इथपर्यंत लिहून झाला असता चिन्मयचा दवाखान्यातून फोन आला. हवालदारांनी घेऊ दिला. तो म्हणाला, "बाबा, आई बोलायला लागली. पहिलं काय विचारलं असेल? कुरडया वाळल्या का! तिला खाव्याशा वाटत होत्या. यंदा पाण्यापायी बिल्डिंगमध्ये कुणीच केल्या नाहीत. गोजरबाईंनी तीन दिवस आपल्या वाट्याच्या पाण्यात गहू भिजवला, रोज पाणी बदललं. पॅनेलवर टाका, तिथं लवकर वाळतील, हे काल सकाळी आईनंच सांगितलं त्यांना."

पॅनेल झाकू नये हे कालिंदीला माहीत नव्हते काय, असे हवालदारांनी विचारल्यावरून सांगतो की, मी सोसायटीला समजावले होते. तिला समजावले नव्हते. ती विचारायची, तेव्हा तुला काय कळतंय त्यातलं, असे मी म्हणत असे.

तक्रार कायम ठेवायची काय, असे विचारले. माझा संताप आहे तसाच आहे, पण गोजरबाईंविरुद्ध माझी काही तक्रार नाही. वर लिहिलेले खोडता येत नाही असे समजल्याने हे खाली लिहून देत आहे. कुरडया कालिंदीच्या होत्या. त्या मी फेकल्या.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखविला. त्यातले "मला त्याचे काही वाटले नाही" हे वाक्य खोटे आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच असून खरे आहे.

(सही) म. वि. टाकळकर