कोणती दाढ?

(दातांचा दवाखाना. खुर्चीत बाबा, पूर्वी हा दवाखाना ते चालवायचे. शेजारी त्यांची डॉक्टर मुलगी आणि हातात यादी घेतलेली सिस्टर.)

सिस्टर : सर, पूर्ण नाव सांगा.

बाबा : कमाल करता! बाहेर पाटीवर आहे की अजून.

सिस्टर : मॅडमचा नियम आहे. यादी वाचल्याशिवाय दाताला हात लावायचा नाही.

डॉक्टर : बाबा, उगाच वेळ काढू नका. घाबरलात ना?

बाबा : मी? अगं, हजारो दात उपटलेत मी.

डॉक्टर : लोकांचे.

सिस्टर : रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे?

बाबा : नाही.

सिस्टर : कशाची ॲलर्जी?

बाबा : प्रश्नांची.

डॉक्टर : हं, इंजेक्शन दिलं. ओठ बधिर झाला का?

बाबा : झाला. दुसऱ्या कुणाचा तरी चिकटवल्यासारखा वाटतोय.

सिस्टर : थांबा मॅडम. दाढ दाखवा आणि मोठ्याने सांगा.

डॉक्टर : खाली, उजवीकडची, समोरून सातवी. चार, पाच, सहा... ही सात.

बाबा : अगं, हात मागे घे!

डॉक्टर : दुखलं?

बाबा : दुखतंय कसलं! ती अक्कलदाढ आहे. माझी सहावी दाढ मी शाळेत असतानाच काढली होती. मागच्या दोन्ही पुढे सरकल्या. सातवी म्हणजे हिच्या पुढची.

डॉक्टर : सिस्टर, एक्स-रे धरा बरं... हो, मूळ पुढचीचंच किडलंय. दोन्हींत चांदी भरलेली, दिसतात सारख्याच, आणि मी आपली मोजत सुटले. बाबा, चांगली दाढ काढली असती हो मी.

बाबा : काढलीस का? नाही ना? जरा टेक.

डॉक्टर : दुसऱ्या कुणाकडे जाता का?

बाबा : मी उठलोय का खुर्चीतून? सिस्टर, विचारा हिला पुन्हा.

सिस्टर : मॅडम, कोणती दाढ?

डॉक्टर : खाली, उजवीकडे, अक्कलदाढेच्या पुढची. ही.

बाबा : बरोब्बर. हा बघ, आ केला.

डॉक्टर : ...निघाली! अख्खी निघाली. हा बोळा घट्ट चावून धरा.

बाबा : हात हलका आहे गं तुझा. कळलंसुद्धा नाही.

डॉक्टर : बोलू नका हो!

सिस्टर : एवढंच सांगा, सर. घरी कोण नेणार?

बाबा : डॉक्टर.

डॉक्टर : बाबा, काहीतरीच काय!

बाबा : बरं, लिहा. माझी मुलगी.