नाक्यावरचा पायलट

(दुपारचे सव्वाचार. अंकुर तेल्हाऱ्याहून, जुबेर अमरावतीहून, फोनवर. दोघं अंतराळ-लढाईच्या ऑनलाईन खेळात सहदेवभाऊच्या टोळीत.)

अंकुर : ...चार वाजता विजेची लाईन गेली. म्या ओरडून राहिलो होतो, परततो, परततो, अन् पडदा काळा झाला.

जुबेर : हाव. ऐकलं म्या.

अंकुर : मंग? यान वाचलं का माहं?

जुबेर : नाही वाचलं. तुटून पडले हैदराबादवाले त्याच्यावर.

अंकुर : गेलं म्हणतं माहं यान, तेल्हारा एक.

जुबेर : नवं भेटन बे. सहदेवभाऊ देते म्हणला.

अंकुर : यान जाऊ दे. नाका माह्यावर सोपवला होता तुमी. मालाची जहाजं गेली असतील ना सारी? सहदेवभाऊ लय चिडला असन. तू सांग त्याले, पोट्ट्याची चूक नाही, लाईनच गेली.

जुबेर : नाही चिडला तो.

अंकुर : मले बरं वाटावं म्हणून नोको बोलू.

जुबेर : अंकुर, आपण जिंकलो.

अंकुर : काय?

जुबेर : जिंकलो. हैदराबादवाल्यांची अर्धी टोळी साफ झाली नाक्यावर. जहाजं सारी सलामत पोचली.

अंकुर : अरे बाप्पा! अन् मले आता सांगतं? मी इथं तोंड पाडून बसलो. बाबा म्हणे, काय झालं रे, कोणी गेलं का. त्यायले वाटलं शेजारच्या नत्थुजीच्या घरचं काही. पीक बुडालं त्यायचं, तिथं आज पुन्हा सरकारी पाहणीवाले आले ना. म्या म्हटलं, नाही, माहं यान गेलं. त्यायनं कपाळावर हात मारला अन् मोटर कधी सुरू होते ते पाहाले निघून गेले. पण त्या टोळीले पाडलं कोणं? तू तं म्हणला होता, आपले सारे जहाजांसंगं दूर आहेत. नाक्यावर मी एकटाच.

जुबेर : नाही, होते ना जवळ. दगडांच्या आड.

अंकुर : कधीपासून?

जुबेर : ते... पहिल्यापासून.

अंकुर : तू?

जुबेर : मीबी.

अंकुर : म्हणजे मी ओरडून राहिलो होतो, तवा तू मले पाहून राहिला होता?

जुबेर : तसं नाही गड्या. सहदेवभाऊचा हुकूम होता, कोणी हलायचं नाही.

अंकुर : म्या तुले पावणेचारलेच म्हटलं, जुबेर, लाईन जाते आता, मी यान मागं घेऊन लावतो. काय म्हणला तू?

जुबेर : थांब म्हणलो.

अंकुर : थांब, एवढी जहाजं जाऊ दे, म्हणला. मंग पुन्हा म्हटलं तं पुन्हा थांब. सोमवारी लाईनमन चौकात वेळ सांगते. सारे लोक मोटरीचं पाहतात, पिठाच्या गिरणीचं पाहतात. मी पहिला फोन तुले लावतो. ह्या हप्त्यात चारले जाते, म्हणून सांगतलं का नव्हतं?

जुबेर : सांगतलं होतं.

अंकुर : कोणाले सांगतलं मंग तू?

जुबेर : मी काहून सांगन बे कोणाले... आपा, थांब ना. बोलून राहिलो मी.

शाहीन (जुबेरची मोठी बहीण, त्याच टोळीतली) : तू बोलून नाही राहिला, तू सरकून राहिला. दे फोन. अंकुर, मी शाहीन.

अंकुर : आपा, तुमी बी होत्या का तिथं?

शाहीन : नव्हते. परवा सहदेवनं बेत सांगतला, तवाच म्या म्हटलं, मी नाही उडत. मंग यानं मले फोन करू दिला नाही तुले. देख, साफ बात सांगते. तू गळाले लावलेला चारा होता.

जुबेर : आपा!

शाहीन : चूप. हैदराबादवाले नाक्याजवळ येतच नव्हते. आमी मागच्या लढाईत इंजिन बंद करून एक यान तरंगत ठेवलं. कोणी फिरकलं नाही. जुने पायलट ते ओळखतात. शाहीनचं यान नाक्यावर बंद पडलं तं त्यायले वास येते, काहीतरी गडबड आहे. पण गावातला नवा पोरगा, ज्याची लाईन ते रोजच जाताना पाहतात, तो बंद पडला तं भरोसा बसते.

अंकुर : अन् मी ओरडलो ते?

शाहीन : ते तं त्यायनं ऐकलंच.

अंकुर : कसं ऐकलं? आपलं बोलणं आपल्यातच राहते ना?

शाहीन : आज सकाळी कोण बोललं तुले, टोळीच्या चॅनलवर आवाज फाटून राहिला, सगळ्यायले ऐकू जाते त्या खुल्या चॅनलवर बोल?

अंकुर : ...जुबेर बोलला.

शाहीन : मंग.

अंकुर : त्याले द्या फोन.

जुबेर : हाव, बोल.

अंकुर : मले उडता येत नव्हतं, तुले माहीत आहे. पहिल्या दिवशी मी स्टेशनाच्या दारालेच धडकलो.

जुबेर : अन् दुसऱ्या दिवशी बी.

अंकुर : हसू नोको.

जुबेर : नाही हसत.

अंकुर : तू मले शिकवलं, मोड घ्यायचा असन तं आधी वेग अर्ध्यावर आण. म्या सारा जोर लावून वळत होतो अन् दुश्मनाच्या पुढं निघून जात होतो. तू म्हणला, नेम तो आहे तिथं नाही, तो जाणार तिथं धर. म्या म्हटलं, हे तं ज्वारीतल्या पाखरावर गोफण मारल्यासारखंच झालं. तू म्हणला, बस, तसंच. त्या दिवसापासून माहे नेम लागाले लागले.

जुबेर : लागाले लागले, खरं आहे.

अंकुर : मंग ते इंजिन बंद करून, तरंगता तरंगता मागं तोंड करणं. महिनाभर जमलं नाही. आई म्हणे, खुर्चीवर अंग कायले वाकडं करून राहिला, ते विमान तुह्या अंगानं वळते का? नेटचं डोंगल खिडकीच्या गजाले बांधून, भिंतीकडं तोंड करून बसत होतो मी. जमलं तवा पहिला फोन कोणाले केला?

जुबेर : मले.

अंकुर : परवा तू म्हणला, नाक्यावर तुले ठेवलं. म्या विचारलं, मी? एवढ्या पुढं? काय म्हणला तू?

जुबेर : अंकुर, जाऊ दे ना.

अंकुर : नाही, सांग. तुह्या तोंडानं ऐकतो.

जुबेर : म्हणलो, तू आता पायलट झाला.

अंकुर : ते शब्द तुहे होते का सहदेवभाऊचे?

जुबेर : माहे.

अंकुर : म्या गावात सांगतलं ते. सीमाले सांगतलं. तिले यान कशाशी खातात माहीत नाही, तरी ती मागं उभी राहून पाहत होती आज. लाईन गेली तवा तीच म्हणाली, दादा, ते तुले वाचवतील ना, तुहे लोक आहेत ना तिथं.

जुबेर : तुले सांगतलं असतं तं तू तसा ओरडला असता का? बेतच फसला असता. हा खेळ आहे बे. यान काय, पुन्हा येते.

अंकुर : आपण जिंकलो म्हणला तू, त्यानंतर म्या यानाचं एकदा तरी विचारलं का? एक सांग मले. मी चारच्या आधी दोघायले एकट्यानं पळवलं. ते पाहिलं का कोणं?

जुबेर : साऱ्यायनं पाहिलं. सहदेवभाऊ म्हणला, हा कोणं शिकवला बे.

अंकुर : तू काय म्हणला?

जुबेर : म्या... म्हणलो, म्या शिकवला.

अंकुर : मंग आता खरं सांग. मले पुढं ठेवलं ते मी उडतो म्हणून, का माही लाईन जाते म्हणून?

जुबेर : दोन्ही.

अंकुर : पहिलं कोणतं?

शाहीन : सांग ना त्याले. स्पीकरवर ऐकून राहिले मी.

जुबेर : पहिले लाईनच. पण आज तुले पाहिल्यावर... मले वाटलं, मधे उतरावं. हात गेला होता माहा इंजिनवर. खुदा कसम.

अंकुर : पण उतरला नाही.

जुबेर : नाही.

अंकुर : बरं. ठेवतो.

जुबेर : थांब.

अंकुर : पुन्हा थांब?

जुबेर : तसं नाही बे. सहदेवभाऊचा मेसेज आला आता, तू बोलून राहिला होता तवाच. रविवारी हैदराबादवाल्यांच्या स्टेशनावर जायचं आहे. नाव टाकलं त्यानं तुहं. पुन्हा सर्वांत पुढं. लिहिलं, ह्या पोट्ट्याले उडता येते.

अंकुर : किती वाजता? चारले तं नाही?

जुबेर : वेळ नाही लिहिली अजून.