खालिदचा ड्रायसूट

सौदीत कसली थंडी, असं म्हणू नका. जानेवारीत दम्मामच्या समुद्राचं पाणी हाडापर्यंत झोंबतं. मला कयाकमधून मासे गरवायचा नाद. बायकोने बजावलं, "अंगाला पाणी न लागणारा तो ड्रायसूट घ्या, नाहीतर होडीत बसायचं नाही!"

नवे सूट परवडेनात. ऑफिसातला खालिद स्वतःचा जुना सूट स्वस्तात देत होता, कारण तो त्याच्या पोटावर बसेना. पण गळत असला तर?

"पूलमध्ये बघू, यल्ला, चल!" खालिद म्हणाला.

आमच्या कंपाउंडच्या पूलवर मी सूट चढवला आणि थेट उडी मारली. आतली हवा आधी काढायची असते, हे मला कुठे ठाऊक! सगळी हवा पायांत शिरली. पाय वर, डोकं पाण्याखाली. खालिदने तंगडी धरून काठाला ओढलं. खोकत खोकत सूट उतरवला, तर आतला टी-शर्ट कोरडा ठणठणीत.

पलीकडच्या काठावरून बघत असलेली बायको धावत आली. "अहो, पाणी आत गेलं का?"

"गेलं ना! सगळं पोटात!"

तिने टी-शर्ट नीट चाचपला आणि म्हणाली, "मग खलास, ठरलं! सूट चांगलाय. हाच घ्या."