सुमनच्या बाबांचं नाव

सकाळी अकरा वाजता, दिल्लीत, एका पलटणीच्या स्मारकासमोर. आम्ही नाशिककर इंडिया गेटपाशी फोटो काढून आलो होतो. देवळ्याच्या सरूमावशी मात्र फक्त या भिंतीसाठी आल्या होत्या. याच पलटणीतले त्यांचे मालक एकाहत्तरच्या लढाईत गेले. भिंतीवरच्या त्यांच्या नावावर एकदा हात फिरवायचा होता.

तिथला कर्मचारी म्हणाला, "माताजी, नाम बताइए."

"सुमनचे बाबा."

मी म्हटलं, "अहो मावशी, इथे सगळेच कुणाचे तरी बाबा! नाव सांगा की."

"मालकाचं नाव कसं घेऊ, दादा? लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच."

शेवटी त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "दौलत नथू निकम."

कर्मचाऱ्याने भिंत दोनदा पाहिली. "यह नाम नहीं है."

मी भडकलो. "घरी तार आली, पेन्शन मिळते, मग भिंतीवर माणूस का नाही?"

"ऊपर लिखिए, साहब."

मावशी हळूच म्हणाल्या, "उगाच घेतलं मी नाव."

मी वर लिहिलं, पुन्हा पुन्हा लिहिलं. यंदा मावशीही गेल्या. दौलत निकमांचं नाव भिंतीवर का नाही, हे अजून कुणीही सांगितलेलं नाही.