चार वाजताची भूक

दवाखान्यात माझ्या शेजारी नणंद-भावजय नंबरची वाट बघत बसल्या होत्या.

“वहिनी, डॉक्टरांना खरं सांग हं. दुपारी काय खातेस?”

“बिस्किटं. अख्खा पुडा. ओट्यापाशी, उभ्या उभ्याच.”

“एवढी भूक लागते?”

“भूक कसली गं! चारला तुझा दादा कामावरून यायचा. तो गेल्यापासून ती वेळ खायला उठते, मग हात आपोआप डब्यात जातो. नंतर स्वतःचीच लाज वाटते.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुझा तर सख्खा भाऊ गेला. तुला आणखी कुठे रडवू?”

“अगं, मीसुद्धा घरी एकटीच रडते. उद्यापासून चारला तुझ्याकडे येते. रडायचं तर दोघी मिळून रडू.”

“आणि आता डॉक्टरांना काय सांगू?”

“हेच सांग.”

नंबर पुकारला तेव्हा दोघी एकदमच उठल्या.