पॉलिश केलेली तुळई

मंडळी, देवळात बसलोय आपण, आधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. खोटं बोलायला तोंड उघडावंच लागतं का? मागचे मान हलवतायत — थांबा, आधी ऐका!

पाचगणीत एक बंगला होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला! रंगीत काचा, नक्षीचे कठडे, दिवाणखान्यात शेकोटी — साहेबाला थंडी फार, आपलं गरम चहावर भागतं. श्रीनिवास बोंद्रे यांनी तो पडका घेतला, चार वर्षं खपून मुळात होता तसा उभा केला आणि विकायला काढला. पण एक गोष्ट फक्त त्यांना आणि सुताराला ठाऊक होती. दिवाणखान्याची तुळई वाळवीनं आतून पोखरलेली!

सुतार म्हणाला होता, "मालक, बदलावीच लागेल. छप्पर उतरवू."

"भोकांत लांबी भर," बोंद्रे म्हणाले, "आणि वरून पॉलिश मार."

झालं! लांबीचा लगदा भोकांत बसला, तुळई आरशासारखी चमकायला लागली.

घर बघायला शालनबाई आल्या. निवृत्त नर्स. सोबत सून, दिवस भरत आलेले. बाईंनी काचा बघितल्या नाहीत, कठडे बघितले नाहीत. मान वर केली. "सूनबाई, पाळणा इथंच टांगायचा." मग बोंद्र्यांना म्हणाल्या, "दादा, बारशाला यायचं हं. पाळण्याची दोरी तुमच्याच हातानं बांधायची. तुम्ही हे घर जगवलंत."

बोंद्रे हसले. हसले, मंडळी! "येईन की," म्हणाले. यात खोटा शब्द कुठला? एकही नाही!

पण सून नेमकी तुळईखाली उभी. पोटावर हात ठेवून वर बघतेय. बोंद्र्यांची कानशिलं तापली. अकरा खोल्यांचं घर, आणि धन्याला तोंड लपवायला जागा नाही.

"ताई, पोरीला बाजूला घ्या," ते म्हणाले. कोपऱ्यात रंगाऱ्याची शिडी राहिली होती, तिच्यावर चढले आणि खिशातली किल्ली तुळईत खुपसली. अख्खी किल्ली आत गेली. भुसा भुरभुरत खाली आला, शालनबाईंच्या पांढऱ्या केसांवर पडला.

"मला ठाऊक होतं," बोंद्रे म्हणाले. "पहिल्यापासून. माझी मला लाज वाटते, ताई."

बाई रागावल्या नाहीत. केस झटकले आणि एवढंच विचारलं, "मी एकटीच आले असते, तर सांगितलं असतंत?"

बोंद्रे किल्ली उपसून शिडीवरून खाली उतरले.

पुढं त्यांनी छप्पर उतरवलं, तुळई बदलली. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून देता आलेलं नाही. आणि तुम्ही वर काय बघताय? देवळाचं छत शाबूत आहे! आपण कुठं लांबी भरलीय, ते ज्याचं त्याला ठाऊक असतं. घरी जा आणि तिथं किल्ली खुपसा. कुणाचा पाळणा येईपर्यंत थांबू नका.